पांढऱ्या टोपीचं औषध

कमू,

मायना लिहीत नाही. तुला वाचता येत नाही, आणि जी कोणी हे तुला वाचून दाखवील तिला मायन्याशी काही कर्तव्य नसेल. कशी आहेस असंही विचारत नाही. तू "बरी" म्हणणार. डोळा निखाऱ्यासारखा लाल झाला होता तेव्हाही तू "बरी" म्हणालीस. एकुलता बैल दरडीवरून पडून मेला त्या आठवड्यात भेटलीस, तेव्हाही "बरी"च. तुझ्या बरीला काही अर्थ राहिलेला नाही.

तुझ्यावर लिहायला घेतलं आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडावर पदर धरून म्हणाली असतीस, "माज्यावर काय लिवाचा, बाई?" जव्हारच्या राजावर लिहून झालं, राजवाड्यावर झालं, शिरपामाळावर झालं, धबधब्यांवर तर दर वर्षी कोणीतरी लिहितंच. पोशेऱ्याच्या कमू वारघडेवर कोणी ओळ लिहिलेली नाही, आणि मी नाही लिहिली तर लिहिणारही नाही.

अडचण एकच. चार लोकांना सांगायचं तर तू-तू करून भागत नाही. तेव्हा इथून पुढे तू 'कमू'. आणि तू मला बाई म्हणतेस, तर मीही 'बाई'. माझ्या हातून जे राहिलं ते बाईंच्या हातून राहिलं म्हणून लिहिणं मला सोपं जाईल, हेही खरं.

तर ऐक.

कमूचे डोळे कधी आटले हे तिला सांगता येत नाही. विहीर आटते तेव्हा बायकांना दिवस आठवतो, कारण त्या दिवशी दुसऱ्या विहिरीवर जावं लागतं. डोळ्यांचं तसं नसतं. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर ती आणि नवरा नवशा चौदा हंगाम गेले. दिवाळी झाली की मुकादमाचा टेम्पो यायचा, त्यात भांडी, कोंबड्या आणि माणसं एकावर एक भरली जायची, आणि पावसाच्या तोंडावर तीच माणसं अर्धी होऊन परत यायची. भट्टीत भाताचं तूस जळतं. त्याची राख वाऱ्यावर उडते आणि डोळ्यांत जाते. सगळ्यांच्याच जाते. कमूला वाटायचं, सगळ्यांचेच डोळे असे असतात.

मग मोगरा आला. सरकारी योजनेतून तीनशे रोपं मिळाली. नवशाने नाक मुरडलं. "फुला खाऊन प्वाट भरताय का?" कमूने त्याच्याशी वाद घातला नाही. विहिरीजवळच्या, भाताला न चालणाऱ्या वरकस तुकड्यात खड्डे खणले आणि रोपं लावली. दोन वर्षं पाणी घातलं. तिसऱ्या वर्षी कळी धरली आणि मुकादमाचा टेम्पो पहिल्यांदा त्यांच्या दारावरून रिकामा गेला. चौथ्या वर्षीही गेला. तुम्हाआम्हाला यात काही मोठं वाटणार नाही. पोशेऱ्यात ज्या घरापुढे टेम्पो थांबत नाही त्या घराकडे लोक वळून बघतात.

मोगऱ्याची एक खोड आहे, ती सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कळी उमलायच्या आदल्या पहाटे खुडावी लागते. ती तेव्हा पांढरी आणि टपोरी असते. एक दिवस अलीकडे खुडली तर हिरवट राहते, कधीच उमलत नाही. एक दिवस पलीकडे गेली तर झाडावरच उमलते आणि नाशिकचा व्यापारी तिला हात लावत नाही. हाताला दोन्ही कळ्या सारख्याच लागतात. फरक डोळ्यालाच कळतो, तोही दिवस उजाडता उजाडता, पानांवर दव असताना, भराभर.

आणि पहाटेच तर कमूचे डोळे उघडत नसत. पापण्या बुबुळाला चिकटलेल्या असत. ओल्या बोटाने एक एक सोडवायची. सोडवली की आत कोंडा भरल्यासारखं. दिवस कासराभर वर येईपर्यंत सगळं जग धुक्यात, आणि तोवर कळ्या खुडून व्हायला हव्यात. पाड्यावरच्या आठ बायकांचा मोगरा एकाच पिशवीतून नाशिकला जातो. त्यात एकीच्या हिरव्या कळ्या निघाल्या तर पिशवी आठजणींची परत येते.

मोखाड्याला शाळेच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर भरलं ते माघात. नाशिकच्या एका संस्थेचे लोक आले होते. त्यांच्यात हर्षाली नावाची डॉक्टर होती, तिशीचीही नसेल, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याचा रंग. तिला कोरड्या डोळ्यांची माणसं हवी होती. डोळ्यांत घालायच्या दोन औषधांची तुलना करायची होती.

बाई जव्हारहून एस.टी.ने तिथे पोहोचल्या त्या स्वतःच्या डोळ्यांसाठी. जव्हारच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता चौऱ्याहत्तर. हर्षालीने त्यांचा कागद बघितला आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, अभ्यासात सत्तरपर्यंतच घेता येतं."

"सत्तरीनंतर डोळे गळून पडतात का?"

"तसं नाही मॅडम, नियम आहे."

बाई परतच निघाल्या होत्या. पण शेजारच्या टेबलावर जे चाललं होतं ते बघून पाय निघेना. एक पोरगी कमूला छापील प्रश्न विचारत होती. प्रश्न कुठल्यातरी परदेशी कागदावरून मराठीत उतरवलेले.

"मावशी, गेल्या आठवड्यात संगणकावर काम करताना त्रास झाला का? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

कमूने मागे वळून बघितलं.

"रात्री गाडी चालवताना?"

"गाडी?" कमूच्या मागे माघी उभी होती, तिची शेजारीण. तिला गप्प बसवत नाही. "अगो सांग ना कमूबाय, तुजी ती तांबडी मोटार. घाटात लय त्रास होतो म्हन."

"वातानुकूलित जागेत डोळे चुरचुरतात का?"

"ती कुठं आली?" कमूने विचारलं. तिला खरंच वाटलं, एखादं गाव असेल.

बाईंनी त्या पोरीच्या हातातून कागद काढून घेतला आणि वर लिहिलेलं 'पोशेरा, मोगरा' वाचलं. "सरक. पहाटे कळी वळखू येते का गं तुला?"

"नाय येत."

"चुलीपुढे किती वेळ बसवतं?"

"बसावा तर लागतां. डोलं मिटून भाकरी थापते."

"हे लिही 'नेहमी' खाली," बाई म्हणाल्या. हर्षाली आधी गोंधळली, मग तिने एक खुर्ची आणून दिली. पोशेऱ्याच्या आठही बायकांचे कागद त्या दुपारी बाईंनीच भरले.

मग पट्टी. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवतात. पाणी पट्टीवर किती उतरतं त्यावरून डोळा किती कोरडा ते कळतं. धडधाकट डोळ्याची पट्टी अर्ध्याहून जास्त भिजते. कमू दोन्ही डोळ्यांतून पट्ट्या लोंबकळवत बसली. माघी म्हणाली, "पोळ्याचा बैल सजवलाय जसा." पाच मिनिटांनी हर्षालीने पट्ट्या काढून उजेडात धरल्या. डाव्या पट्टीची दोन बारीक रेघांपर्यंत ओल. उजवीची एकच.

"मावशी, शेवटचं रडलात कधी?"

कमूने विचार केला. तिचा मोठा मुलगा सहा वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या, हिनेही तोंड उघडलं होतं. पण गालावर काही आल्याचं आठवेना.

"ठावं नाय," ती म्हणाली.

हर्षालीने पट्ट्यांवरची ओल वहीत लिहून घेतली.

औषधाच्या कुप्या दोन तऱ्हेच्या होत्या. काहींची टोपी पांढरी, काहींची निळी. नाव कुठल्याच कुपीवर नव्हतं, फक्त आकडा. हर्षालीने समजावलं आणि बाईंनी ते बायकांना उलगडून सांगितलं: दोन्ही औषधं चांगली आहेत. जास्त चांगलं कोणतं, ते बघायचं आहे. कोणत्या टोपीत काय आहे ते डॉक्टरलाही माहीत नाही. दिवसातून चार वेळा, एक एक थेंब, दोन्ही डोळ्यांत, तीन महिने. महिन्याला दोन कुप्या मिळतील. जिला जी टोपी मिळाली तिने तीच वापरायची.

"कळलं का?" बाईंनी विचारलं.

कमूने मान डोलावली. तेहतीस वर्षं पोरांच्या डोलणाऱ्या माना बघितलेल्या बाई त्या मानेला भुलल्या.

पोशेऱ्याच्या त्या पाड्यावर बाहेरून काहीही आलं की त्याचे वाटे होतात. ओढ्यात मासे धरले, वाटे. गावदेवाला बोकड कापला, वाटे. सागाची पानं ओळीने मांडायची, एका घराला एक, आणि जाणत्या माणसाने हाताने सारखे ढीग घालायचे. कोणाच्या पानात हाड जास्त गेलं तर दुसऱ्याच्या पानात काळजाचा तुकडा. मासे धरायला न आलेल्या घराचंही पान मांडलेलं असतं. कमू त्या पाड्यावर वाटे घालणारी. हा मान बाईमाणसाला सहसा मिळत नाही. तिला मिळाला, कारण तिच्या हाताने घातलेल्या वाट्यावर कोणी कधी तोंड वाकडं केलं नाही. तिची सासू, जी तिच्याबद्दल एक शब्द बरा बोलत नसे, तीही म्हणायची, "हिचा हात तागडी हाय."

आठ बायका कुप्या घेऊन घरी आल्या. चौघींच्या पांढऱ्या, चौघींच्या निळ्या. दुसऱ्याच दिवशी कुरबूर सुरू झाली. निळीवाल्या म्हणाल्या, आमची झोंबते. पांढरीवाल्या म्हणाल्या, आमची गार लागते. निळीवाल्या म्हणाल्या, मग तुमालाच कसा गार? माघी निळीवाली. ती कमूच्या अंगणात येऊन बसली आणि म्हणाली, "डाक्टरीनबाय तुजी सोयरीक हाय का गो? तुला बरी पांढरी मिलाली."

कमूने कोणाशी हुज्जत घातली नाही. सागाची आठ पानं मांडली. सोळा कुप्या मागवून घेतल्या. प्रत्येक पानावर एक पांढरी ठेवली, एक निळी ठेवली.

"आता कुनी बोलाचा नाय."

"पन घालाची कशी?" माघीने विचारलं. "आज ही, उद्या ती?"

कमूने दोन्ही हात वर केले. "डोलं किती? दोन. पांढरी डाव्यात. निली उजव्यात. डोल्यांमध्येपन भांडान नको."

आणि हे तिने तीन महिने पाळलं. नुसतं स्वतः नाही, आठजणींकडून पाळून घेतलं. रोज सांजेला घरोघर जाऊन विचारायची: डाव्यात पांढरी? उजव्यात निली? महिन्याला नव्या कुप्या आल्या की पुन्हा पानं, पुन्हा वाटे. एकदा माघी दोन्हीकडे पांढरी घालताना सापडली, तर कमू तिच्याशी चार दिवस बोलली नाही.

कमूचा डावा डोळा तिसऱ्या आठवड्यात उघडला. उघडला म्हणजे पहाटे चिकटेनासा झाला. ती उजवा डोळा मिटून वाफ्यात उतरायची आणि डाव्याने खुडायची. हिरवी कळी हिरवी दिसायची, पांढरी पांढरी. त्या चैत्रात नाशिकहून एकही पिशवी परत आली नाही. नवशा म्हणाला, "एका डोल्यानी कावल्यावानी बघते," आणि स्वतःच हसला. कमूही हसली असावी. तिचं हसणं ओळखायला वेळ लागतो.

वैशाखात हर्षाली तपासायला पोशेऱ्यात आली. येताना जव्हारहून बाईंना जीपमध्ये बसवून आणलं. समाजमंदिरात यंत्र मांडलं. पहिली बाई: डावा डोळा सुधारलेला, उजवा होता तसाच. दुसरी: तेच. तिसरी: तेच. चौथीला हर्षालीने यंत्र पुसलं आणि परत लावलं. पाचवीला तिने बाईंकडे बघितलं.

"मॅडम, सगळ्यांचा डावाच कसा?"

बाईंना तेव्हा कळलं. त्या कमूकडे वळल्या. "कमू, काय केलंस?"

कमूने लपवलं नाही. लपवण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. ती म्हणाली, "वाटं केलं. सगल्यांना सारखा." आणि जरा थांबून, मानाने: "एक दिस चुकू दिला नाय."

हर्षाली खुर्चीत बसली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आपली वही उघडली आणि आठ नावांवर पट्टी धरून आठ रेघा मारल्या.

"अहो डॉक्टर, रेघा काय मारता?" बाई म्हणाल्या. "यापेक्षा चांगली तुलना तुम्हाला कुठे मिळणार आहे? तीच बाई, तीच चूल, तीच धूळ. एका डोळ्यात हे, दुसऱ्यात ते. मी नववीच्या पोरांना याहून वाईट प्रयोगाला पैकीच्या पैकी दिलेत."

"मला कळतंय मॅडम. पण जे लिहून दिलंय तसं झालं नाही. वर कोणी धरणार नाही. यांना आता वगळावं लागेल."

"आणि औषध?"

"वगळल्यावर औषध नाही देता येत."

कमूला यातलं किती कळलं, सांगता येत नाही. उरलेल्या कुप्या हर्षालीच्या माणसाने मोजून परत घेतल्या. कमूने आपली पांढरी कुपी द्यायला हात पुढे केला. माणसाने ती हलवून बघितली, तळाला थोडं होतं. "हे राहू दे," तो म्हणाला. तेवढं राहिलं.

ते थेंब तिने दिवसाला एक असे पुरवले. ज्येष्ठात संपले.

त्यानंतर शोध सुरू झाला. कमू रिकामी कुपी घेऊन जव्हारला औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने कुपी फिरवून फिरवून बघितली. "मावशी, यावर नाव कुठंय? नुसता आकडा आहे." त्याने कपाटातून एक काढून दिली, स्वस्तातली, पाण्यासारखी पातळ. ती घातली की पळभर गार, मग झोंबायला लागायची. दिवसातून दहादा घालून बघितली. जितकी जास्त घातली तितका डोळा लाल. बाईंनी खोक्यावरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरली आणि कपाळाला हात लावला. ते औषध नासू नये म्हणून त्यात जे घालतात, तेच इतक्या कोरड्या डोळ्याला सोसत नाही. "फेकून दे."

"आर्दी हाय अजून."

"फेक म्हणते ना."

दुसरी पाळी बाईंच्या स्वतःच्या औषधाची. पुण्याहून मुलगा पाठवतो, एकेका थेंबाच्या प्लास्टिकच्या नळ्या, टोक मोडायचं, घालायचं, टाकून द्यायचं. टाकून द्यायचं, हे कमूच्या हाताला जमलं नाही. नळीत दोन थेंब उरतात. उरलेलं टाकणं तिच्या लेखी पाप. तिने मोडलेली नळी तांदळाच्या डब्यात उभी करून ठेवली आणि तीन दिवस वापरली. डोळ्यात घाण झाली आणि पापणी सुजली. बाई तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या आणि वाटेत इतकं बोलल्या की शेजारच्या सीटवरचा माणूस उठून पुढे जाऊन बसला.

"शिकवून शिकवून माझा जन्म गेला, कमू, आणि तुला एक नळी टाकता येत नाही?"

"तुमची महाग असंल ना, बाई."

तिसरं मलमासारखं घट्ट. ते घातल्यावर आराम पडायचा, हे कमूने कबूल केलं. पण अर्धा तास समोर दुधावरची साय पसरायची. पहाटे घातलं तर कळी दिसेना, न घालावं तर पापणी उघडेना. ती ते निजताना घालू लागली. पहाटेला त्याचा असर उरत नसे.

पांढऱ्या टोपीसारखं एकही नव्हतं. बाईंना वाटायचं, आहे, यातलंच कुठलंतरी आहे, दुकानात शे-सव्वाशे तऱ्हा असतील, आपण आंधळ्यासारख्या चाचपडतोय.

पाऊस सरला आणि मोगऱ्याला पुन्हा कळी धरली. पहिल्याच आठवड्यात पिशवी परत आली. हिरव्या कळ्या आणि उमललेल्या, दोन्ही. कोणाच्या ते कोणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं: बाकी सातजणींचे डोळे चुरचुरत, पण पहाटे उघडत. दुसऱ्या दिवशी कमू पहाटे वाफ्यात उतरली तर तिच्या दोन ओळी खुडून झालेल्या. तिसऱ्या दिवशी चार. त्या दिवशी माघी वाकलेली सापडली, कमरेला फडकं बांधून.

"हा काय करतेस?"

"काय नाय. निज येत नव्हती."

"माज्या वाफ्यात निज येत नाय तुला?"

"तू गप बस ना. तुज्या पानातला एक वाटा आमी उचलला तर काय मरतेस?"

पाठोपाठ सातहीजणी पाळीने यायला लागल्या. सांगून नाही, ठरवून नाही, पान मांडल्यासारखं. कमू बांधावर बसून राहायची. फडकं घेऊन, पाय पसरून, रोज. नवशा सांगतो की त्या पंधरा दिवसांत ती दहा शब्दसुद्धा बोलली नसेल. जिने जन्मभर इतरांची पानं भरली तिच्या पानात आता इतर घालत होते, आणि तिच्याकडे परत घालायला काही नव्हतं. हे बाईंचं शहाणपण. कमू एवढंच म्हणाली, "घेतला की द्यावा लागतां."

दसऱ्याच्या आधी ती जव्हारला बाईंच्या घरी आली. ओट्यावर बसली, पाणी प्याली. कनवटीतून रिकामी पांढरी कुपी काढून बाईंपुढे ठेवली.

"बाई, एक काम हाय. ह्याचा नाव इचारा."

"कोणाला?"

"डाक्टरीनबायला. नाव कलला तर दुकानात मिलंल. मिलाला तर मी खुडीन."

जन्मात तिने बाईंकडे मागितलेली ही एकच गोष्ट. बाईंनी तिच्यासमोरच फोन लावला. हर्षाली घुटमळली. म्हणाली, दसऱ्यानंतर आकडे उघडतील तेव्हा कोणत्या टोपीत काय ते तिलाही कळेल. वगळलेल्यांना कळवायचं नसतं. फोनवर तर सांगताच येणार नाही. "पण मॅडम, तुम्ही कुपी घेऊन प्रत्यक्ष या. मी आकडा बघून तुमच्या कानात सांगेन. मावशींच्या डाव्या डोळ्याने मला खूप शिकवलंय."

"येते," बाई म्हणाल्या. फोन ठेवून कमूला म्हणाल्या, "दसरा होऊ दे. नाशिकला जाऊन नाव घेऊन येते."

"बरं," कमू म्हणाली.

दसरा झाला. बाई गेल्या नाहीत. अडचण होती असं नाही. गुडघा दुखत होता, पण तो रोजच दुखतो. एका सोमवारी बाहेर पडायचं म्हणून साडी काढून ठेवली होती, तर भाचीकडचे आले. दुसऱ्या सोमवारी कोणी आलं नाही. बाईंनी त्या दिवशी कपाट आवरलं. ज्या बाईने नियमावरून पोरीसारख्या डॉक्टरला फाडून खाल्लं, तिला नाशिकच्या गाडीत बसायला जमलं नाही. जमलं नाही हेही खरं नाही. निघालीच नाही.

दिवाळी झाल्यावर मुकादमाचा टेम्पो आला. माघीने निरोप पाठवला म्हणून बाई पोशेऱ्याच्या फाट्यावर गेल्या. नवशा भांडी चढवत होता. कमू रस्त्याच्या कडेला गोणीवर बसली होती, उजवा डोळा मिटलेला, डावा अर्धा.

"कमू, भट्टीवर काय जातेस? तिथल्या राखेने असलेले डोळेही जातील."

"तिथं कली नाय वलखाय लागत, बाई. ईट ती ईट."

"मोगरा?"

"माघी बघंल. तिच्या पानात घातला."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. बाईंना वाटलं, ती आता विचारील. ती विचारीना. मग बाईच म्हणाल्या, "नाव आणते मी. या सोमवारी नक्की जाते."

"जावा सवडीनी," कमू म्हणाली. "काय घाई नाय." उठली, पदर खोचला. नवशाने हात दिला आणि ती वर चढून भांड्यांमध्ये बसली.

त्या सोमवारी बाई गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नाशिकची गाडी जव्हारहून रोज सुटते.